वनहक्काचा दावा अडला आहे, आता पुढे काय करायचं?

जव्हार तालुक्यातल्या एका वारली तरुणाने विचारलं आहे. आजोबांच्या आधीपासून त्यांचं घर वनखात्याच्या हद्दीतली चारेक एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) कसतं. वडिलांनी २००९ मध्ये वनहक्काचा दावा टाकला. ‘उपग्रहाच्या नकाशात शेती दिसत नाही’ म्हणून तो नामंजूर झाला असं तोंडी कळलं. लेखी काहीच हातात नाही. गेल्या पावसाळ्याआधी त्याच जागेत चर खणून रोपं लावायला माणसं आली होती. आता पाड्यावरचे काही जण म्हणतात, वैयक्तिक दावा सोडा, गावाचा सामूहिक दावा टाका. दोन्ही करता येतात का, आणि रेशनकार्ड सोडून घरात दुसरा कागद नसेल तर पुरावा आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न.

दोन्ही करता येतात, आणि दोन्ही करायला हवेत. पण त्याआधी एक गोष्ट: जमीन कसणं सोडू नका. नामंजुरीच्या नुसत्या बातमीने खचून एक वर्ष नांगर घातला नाही, की पुढच्या पाहणीत ‘पड’ असं लिहिलं जातं आणि मग लढाई दुप्पट होते. वनहक्क कायद्याचं (अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी अधिनियम, २००६) कलम ४(५) स्वच्छ सांगतं की दाव्यांची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येणार नाही. तुमच्या वडिलांना निर्णयाची प्रत मिळालेली नाही, म्हणणं मांडायची संधी मिळालेली नाही. म्हणजे तुमची प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, अशीच भूमिका तुम्ही घ्यायची.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा पाड्यापाड्यांवर घबराट पसरली होती, तुम्हालाही आठवत असेल. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, त्याच न्यायालयाने तो आदेश स्थगित केला आणि राज्यांना विचारलं की नामंजुरी करताना तुम्ही पद्धत पाळली का, दावेदाराला कारणं कळवली का. त्यानंतर नामंजूर दावे पुन्हा तपासायला घेतले गेले. तुमचा दावा त्यात आला की नाही, हे फाइल पाहिल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून पहिलं काम फाइल मिळवण्याचं. माहिती अधिकारात अर्ज करा आणि नेमकं मागा: दाव्याचा मूळ नमुना अ आणि जोडलेले सर्व कागद, वनहक्क समितीचा स्थळपाहणी अहवाल व नकाशा, गावसभेचा ठराव, उपविभागीय समितीचं इतिवृत्त, जिल्हा समितीचा निर्णय, आणि दावेदाराला निर्णय कळवल्याची पोच. शेवटची ओळ विसरू नका, बहुतेक फायलींत हीच पोच नसते. आणखी एक अडचण तुमच्या भागाची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तुमचा दावा २००९ चा, म्हणजे जिल्हा समितीकडे गेला असेल तर ठाण्याला गेला. अर्ज एकदम दोन्हीकडे टाका, नाहीतर ‘आमच्याकडे नाही, तिकडे विचारा’ यात वर्ष जातं.

फाइल हातात आली की बघा, नामंजूर नेमकं केलं कुणी. २०१२ साली नियमांत झालेल्या सुधारणेत हे स्पष्ट लिहिलं आहे की गावसभा आणि तिची वनहक्क समिती सोडली तर पंचायत, तालुका, बीट किंवा रेंज पातळीवरच्या कोणत्याही समितीला, तसंच कोणत्याही हुद्द्याच्या एकट्या अधिकाऱ्याला, दावा घेण्याचा, फेटाळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नाही. वरच्या समित्या दोनच: प्रांतांच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. त्यांनीही गावसभेच्या ठरावाविरुद्ध जायचं तर सविस्तर कारणं लिहायची, दावेदाराला कळवायची आणि निव्वळ तांत्रिक कारणावर दावा फेटाळायचा नाही. मी पाहिलेल्या कितीतरी फायलींत वनपालाच्या एका ओळीच्या शेऱ्यावर सगळा निकाल उभा असतो: ‘उपग्रह प्रतिमेत अतिक्रमण आढळत नाही, सबब अपात्र.’ खाली सही, तारीख नाही. असा शेरा म्हणजे निर्णय नव्हे, हे अपिलात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. गावसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, तिच्याविरुद्ध जिल्हा समितीकडे. निर्णय कळवलाच नसेल तर प्रत हातात आली त्या दिवसापासून मुदत मोजावी असं अर्जात लिहायचं. आम्ही तसंच लिहितो आणि ते अर्ज दाखल होतात. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता, पण महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांसाठी राज्यपालांनी मे २०२० मध्ये संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची वाट उघडली. जव्हार अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे ती वाट तुम्हाला आहे.

आता उपग्रहाचा मुद्दा. यावर जरा थांबतो, कारण डोंगराळ भागातले दावे सगळ्यात जास्त इथेच मारले गेले.

नियम १२अ म्हणतो, उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी नाही. हे कायद्याचं झालं. पण समितीपुढे उभं राहताना शेतीचं उत्तरही तयार हवं, कारण तिथे बसलेल्या बऱ्याच जणांनी वरकस कधी पाहिलेली नसते. तुमच्या घरी विचारा, आजी सांगेल. पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि मग दोन-तीन वर्षं जमीन पड ठेवायची. डोंगरउताराची पातळ माती दर वर्षी पीक देत नाही. ती पड जमीन गवताने भरते, आणि आकाशातून काढलेल्या चित्रात ती गवताळ माळ किंवा विरळ जंगलच दिसणार. जमीन ताब्यात होती का हे कायदा ज्या दिवसापुरतं बघतो तो दिवस १३ डिसेंबर २००५. त्या हंगामात तुमच्या चार एकरांपैकी एक एकरभर नागली असेल, तीही तोवर कापून खळ्यावर गेलेली. चित्रात उरते ती कोरडी, पिवळी उतरण. म्हणून दाव्यात नुसतं ‘शेती’ लिहू नका. कोणता तुकडा कोणत्या साली कशाखाली होता, पड कधी होता, राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजायची जागा) कुठे भाजला जातो, खळं कुठे आहे, गुरं कुठे बांधतात, हे नकाशात वेगवेगळं दाखवा. शेतीला जोडून असलेली अशी जागा, म्हणजे खळं, गुरांचा वाडा, पीक-फेरपालटातली पड, हीसुद्धा कसण्याच्या जमिनीत धरायची, असं २०१२ चे नियम सांगतात. वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर, म्हणजे जवळपास दहा एकर. तुमचे चार एकर त्यात निवांत बसतात. मोजणीवाले उभ्या पिकाभोवती फिरून दहा गुंठ्यांचा नकाशा काढू लागले तर वनहक्क समितीने तिथेच लेखी हरकत नोंदवायची.

पुराव्याचं म्हणाल तर ‘रेशनकार्डाशिवाय काही नाही’ हे तुमच्या मनात कुणीतरी भरवलेलं आहे. नियम १३ मध्ये पुराव्याची लांबलचक यादी आहे आणि एकाहून अधिक प्रकारचे पुरावे असले की पुरे. त्यात बांधबंदिस्ती, सपाटीकरण, दगडी ताली, विहीर, घर, मसणवट, देवस्थान हे सगळं मोडतं. घराण्याची वंशावळ मोडते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदन मोडतं. फक्त तो माणूस स्वतः त्या जमिनीचा दावेदार नसावा. तुमच्यासाठी खास म्हणजे, जुन्या संस्थानांच्या नोंदीही मोडतात. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचं संस्थान होतं. संस्थानकाळातला सारा, लागवडीची परवानगी, जंगलाची हद्द यांतला एखादा कागद मिळाला तर तो तुमच्या एकट्याच्या नव्हे, सगळ्या पाड्याच्या कामी येईल. तहसीलच्या अभिलेख कक्षात शोध घ्यायचा अर्ज गावसभेच्या नावाने करा.

आणि दंडपावत्या. घरात पत्र्याच्या पेटीत, देवाच्या कोनाड्यात, वाशाला टांगलेल्या पिशवीत बघा. वनखात्याने कधी ‘अतिक्रमण’ म्हणून दंड केला असेल, गुन्हा नोंदवला असेल, तर ती पावती आज तुमच्या बाजूने बोलते: त्या साली, त्या जागेवर, तुमचा माणूस कसत होता, हे सरकारी शिक्क्याने सिद्ध होतं. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या बाबतीत प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पावती नसली तरी इतर पुरावा पाहा असं सांगितलं. वनहक्क कायद्यातल्या पुराव्याच्या व्यापक यादीमागे अशा लढ्यांची पुण्याई आहे.

म्हाताऱ्या माणसाचं निवेदन कसं घ्यायचं ते जरा नीट सांगतो, कारण ते बहुतेक वेळा वाया घालवलं जातं. ‘मी सांगतो की अमुक इसम पूर्वापार जमीन कसत आहे’ असा छापील मजकूर आणि खाली अंगठा, असे गठ्ठेच्या गठ्ठे समितीपुढे जातात. त्यांचं वजन शून्य. त्याऐवजी म्हाताऱ्याला त्या जमिनीवर घेऊन जा आणि उभं राहून बोलू द्या. एकदा मोखाड्याकडच्या एका आजोबांना आम्ही विचारलं, ही जमीन कधीपासून कसली जाते? ते काही बोलले नाहीत. उतारावरच्या एका तालीपाशी गेले, खालचे दोन मोठे धोंडे दाखवले आणि म्हणाले, हे माझ्या बापाने आणि याच्या आज्याने मिळून लोटत आणले, त्या साली माझं लगीन झालं, वर त्या मोहाखाली सावकाराचा माणूस गवताचा वाटा न्यायला उभा राहायचा. आम्ही हे शब्दाला शब्द लिहून घेतलं. लग्नाचं साल नातवंडांच्या वयावरून काढता आलं. मोहाचा घेर मोजला, तालीचा फोटो जोडला. असं निवेदन खोडायला समितीला खरोखर कष्ट पडतात. बाई सांगणारी असेल तर आणखी चांगलं. लावणी, निंदणी, राबासाठी पाला तोडणं, हे काम बायकांचं, कोणता तुकडा कुठे संपतो हे त्यांना पाठ असतं.

तुमच्या भागात हा झगडा किती जुना आहे, हे तुम्ही ठाऊक करून घ्या, कारण समितीपुढे तुम्हाला ‘अतिक्रमक’ म्हणतील तेव्हा मान वर ठेवायला त्याचा उपयोग होतो. १८७८ च्या वनकायद्याने डोंगर राखीव होऊ लागले आणि राबासाठी पाला तोडणं हा गुन्हा ठरू लागला. ठाणे-कुलाब्यातला असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. खालच्या पट्ट्यातली भाताची जमीन सावकार-जमीनदारांनी गिळली, वारली वेठबिगार झाले. १९४५ मध्ये तलासरी-डहाणू-उंबरगाव पट्ट्यात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उठले, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणं) या प्रथा त्या लढ्याने मोडल्या. सत्तरच्या दशकात काळूराम धोदडे आणि भूमिसेना, पुढे कष्टकरी संघटना यांनी आदिवासींच्या जमिनीचा लढा चालवला. आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीची जी माणसं पायाला फोड येईस्तोवर चालली, त्यांच्या मागण्यांत वनहक्क दावे अग्रभागी होते. २००६ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेने ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्द वापरले आहेत. तुम्ही सरकारकडे जमीन मागत नाही. तुमची असलेली जमीन तुमची आहे, अशी नोंद करायला सांगत आहात. अर्जातही ‘जमीन मिळावी’ लिहू नका, ‘हक्क मान्य व्हावा’ लिहा.

आता सामूहिक दाव्याकडे येतो. माझ्या मते तुमच्या पाड्याचं भवितव्य चार एकरांपेक्षा इथे जास्त अवलंबून आहे.

एकट्या वैयक्तिक पट्ट्यांवर भर दिल्याने काय झालं ते राज्यभर दिसतं. प्रत्येक घर आपापल्या फायलीमागे धावतं, ज्याचं मंजूर झालं तो गप्प बसतो, ज्याचं अडलं तो एकटा पडतो, आणि मधलं जंगल, चराई, पाणवठे, मोहाची झाडं, बांबूची बेटं, सगळं पूर्वीसारखंच वनखात्याच्या ताब्यात राहतं. पट्टा मिळालेला माणूस बांधाबाहेर पाऊल टाकताच पुन्हा गुन्हेगार. कलम ३(१) मध्ये वैयक्तिक हक्क हा अनेकांपैकी एक आहे. निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), गौण वनोपजाची मालकी, मासेमारी, चराई हे हक्क आहेत, आणि ३(१)(झ) खाली येणारा सर्वांत मोठा हक्क आहे तो गाव ज्या जंगलाची परंपरेने राखण करत आलं ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा. वापराच्या हक्कांसाठी नमुना ब भरतात, या कारभाराच्या हक्कासाठी नमुना क. दोन्ही भरा. फक्त ब भरून क सोडला, तर जळण-फाटा आणायची मुभा मिळते, जंगल कुणी तोडायचं आणि काय लावायचं हे मात्र दुसरेच ठरवत राहतात. तुमच्या जागेत चर खणायला माणसं आली, ती याच कारणाने येऊ शकली.

हा हक्क हातात आल्यावर काय होतं, हे पाहायचं तर गडचिरोलीला जा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे पाचेकशे वस्तीचं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना देशातले पहिले-पहिले सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर. पण कागद मिळाल्यावरही बांबू विकू देईनात, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी तो प्रश्न धसास लावला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तकच गावसभेच्या हाती दिलं. पुढच्याच वर्षीच्या नियमांत परवाना गावसभेच्या समितीने द्यायचा हे देशभरासाठी लिहिलं गेलं. आज त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक हक्क आहेत, आणि कितीतरी गावसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने उलटा निर्णय घेतला: तेंदूपानं तोडायचीच नाहीत, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात आणि टेंभरं (तेंदूची फळं) मिळत नाहीत. बांबूवर त्यांनी गाव उभं केलं. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. ते गावात बसून घेतले गेले, हे मला मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे तेंदू-बांबूचे तसे मोठे व्यवहार नसतील. पण मोह आहे, करवंदं, शेवळी, कंद आहेत, गवत आहे, ओढ्यातले मासे-खेकडे आहेत आणि रोपवाटिका-वनीकरणाच्या नावाखाली गावाबाहेर ठरणारा पैसा आहे.

सामूहिक दाव्याचं खरं काम हद्द फिरण्याचं. शेजारच्या सगळ्या गावांना आधी लेखी बोलावणं द्या, त्यांची चार जाणती माणसं आणि तुमची चार एकत्र चालतील असं करा. तुमच्या भागात वाघदेव बहुधा शिवेवर असतो, ओढा, खिंड, मोठा धोंडा, जुना आंबा या खुणा दोन्ही गावांना मान्य असतात. प्रत्येक खुणेवर थांबून मोबाइलमध्ये जागेची नोंद घ्या, फोटो काढा, दोन्ही गावांच्या सह्या तिथल्या तिथे वहीवर घ्या. वाद निघेल. जिथे दोन्ही गावं गुरं चारतात तिथे रेघ ओढायचा हट्ट धरू नका. ‘सामाईक वापर’ असं लिहून दोन्ही गावसभांचे ठराव जोडा. कायदा त्याला आडवा येत नाही. शेजारच्या गावाशी भांडण लावून दावे अडकवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. हद्दीवर फिरणाऱ्या जाणत्यांनी ते होऊ दिलं नाही तर बाकीचं सोपं. कक्ष क्रमांक आणि वननकाशा मिळत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. नकाशे आणि मतदारयाद्या गावसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे, पत्र देऊन मागा. शिवाय ज्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झालेला नाही, तिथे तो का नाही याची कारणं जिल्हा समितीने लिहून ठेवायची आहेत. ती कारणंही मागा.

तुमची वनहक्क समिती कोणत्या पातळीवर आहे, ते आधी बघा. २००८ मध्ये घाईघाईने ग्रामपंचायतीच्या पातळीवर समित्या केल्या गेल्या, आणि आठ-दहा पाड्यांची एक समिती असली की लांबच्या पाड्याचं जंगल तिच्या डोळ्यांपुढे नसतं. पेसाचे (अनुसूचित क्षेत्रातल्या गावसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे) महाराष्ट्राचे २०१४ चे नियम पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायची पद्धत देतात. तसा ठराव करून प्रांतांकडे पाठवा. समितीत १० ते १५ जण, दोनतृतीयांश आदिवासी, किमान एकतृतीयांश बायका. गावसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि त्यांत एकतृतीयांश बायका हव्यात. कोरम नसताना झालेला ठराव पुढे कुणीही उडवू शकतो. ठरावाची वही गावात ठेवा, ग्रामपंचायतीच्या कपाटात नको. पाड्यावर कुणबी किंवा इतर समाजाची जुनी घरं असतील तर त्यांनाही बरोबर घ्या. त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो द्यायला तुमच्या म्हाताऱ्यांची निवेदनं लागतील.

पुन्हा चर खणायला माणसं आली तर हातघाईवर येऊ नका, त्यातून तुमच्यावरच गुन्हे लागतात. समितीचे पाच-सात जण आणि बायका जमिनीवर जाऊन बसा. कामाचा लेखी आदेश मागा. जागेवर पंचनामा करा: तारीख, वेळ, किती चर, कोणतं पीक किंवा बांध मोडला. त्याच दिवशी वनक्षेत्रपालांना पत्र, प्रत प्रांत आणि आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. पत्रात कलम ४(५) लिहा. आदिवासीच्या वनहक्काच्या उपभोगात अडथळा आणणं हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे, हेही लिहा. एका पाड्यावर बायकांनी नुसता आदेश मागितला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रॅक्टर परतलाच नाही, आदेश नव्हताच.

गावसभेच्या ‘नाही’ला किती वजन आहे, याचं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. डोंगऱ्या कोंधांचा देव नियमराजा ज्या डोंगरावर, तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला निर्णय गावसभांवर सोपवला. त्या पावसाळ्यात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या बारा गावसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी नकार दिला. खाण झाली नाही. पण त्यावर विसंबून राहू नका. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी गावसभेची संमती तपासण्याची जबाबदारी राज्यांकडे ढकलली आणि २०२३ मध्ये मूळ वनसंवर्धन कायद्यालाच सवलतींची दारं पाडली. ज्या गावाचा हक्क कागदावर मान्य आहे त्याला दाद मागायला पाया राहतो. म्हणून सामूहिक दावा लांबवू नका.

एक वेगळी गोष्ट, कारण तुमच्या भागात तिची गल्लत होते. खाली भाताची सातबाऱ्यावरची जमीन घराण्यातून सावकाराकडे किंवा बिगरआदिवासीकडे गेली असेल तर त्याचा रस्ता वनहक्क कायद्यात नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींसाठी १९७४ चा प्रत्यार्पण कायदा होता; त्यानंतरच्या व्यवहारांना जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं. तो अर्ज स्वतंत्र करायचा. आणि मंजूर झालेली वनहक्काची जमीन विकता येत नाही, वारसाने जाते. महामार्गाकडून फार्महाऊसवाले नोटरीचे करारनामे घेऊन फिरतात. त्यावर कुणाचाही अंगठा पडू देऊ नका. पट्ट्यावर आईचं नाव वडिलांच्या बरोबरीने आलं आहे ना, ते पाहा. कलम ४(४) प्रमाणे ते असायलाच हवं.

वेळेचं गणित असं ठेवा. दिवाळीनंतर तुमच्याकडची निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि मग कोरम भरत नाही. भात कापून झालं की दिवाळीच्या आधी पहिली गावसभा घ्या: समितीची फेरनिवड, पाड्याचा ठराव, अपिलाचा ठराव, नमुना ब आणि क साठी माणसं नेमणं. हिवाळ्यात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची निवेदनं घ्या आणि शेजारच्या गावांबरोबर हद्द फिरा; गवत वाळलेलं असतं, खुणा दिसतात. होळीला भट्टीवरची माणसं आठवडाभर परततात. तेव्हा दुसरी गावसभा घेऊन नकाशा भिंतीवर लावा, सगळ्यांना हद्द वाचून दाखवा, हरकती लिहून घ्या आणि दावा मंजुरीच्या ठरावासह पोच घेऊन प्रांतांच्या कार्यालयात द्या. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका, तो या आठवड्यात टाका.